शाळेचे छप्पर कोणाचे?

नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर उभे राहिले म्हणजे वादळ गावात शिरण्याच्या बरेच आधी डोळ्यांना दिसते. रोहिणी नक्षत्र संपत आलेले असते, धानाच्या बांध्या भेगाळून पडलेल्या असतात, आणि दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या डोंगरांमागून एक मळकट पिवळी भिंत उठते. तलावाचे पाणी आधी काळवंडते, मग त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. माणसे शेळ्या बांधतात, अंगणात वाळत घातलेले जिन्नस उचलतात, पोरांना हाका मारतात. अर्ध्या तासात सारे आटोपते. त्यानंतर गावात पहिला सूर उठतो तो मोजदादीचा. कोणाचा गोठा बसला, कोणाचे कवेलू गेले, कोणते झाड विजेच्या तारेवर आडवे झाले याची यादी चावडीवर तोंडी तयार होते, आणि त्या यादीच्या अगदी शेवटी, जणू आठवण झाली म्हणून, कोणीतरी म्हणतो, “शाळेचेही गेले.”

या ‘ही’विषयीच मला आज भांडावयाचे आहे.

तीन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या पंचक्रोशीतील एका लहान गावाच्या दोन खोल्यांच्या शाळेचे टिनाचे छप्पर असेच गेले. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण ही तक्रार एका गावाची नाही आणि एखाद्या साहेबाविरुद्धही नाही. टिना दोनशे पावलांवरच्या बांधीत जाऊन पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी दवंडी न देता पंधरा-वीस माणसे शाळेपाशी जमली. एकाने बैलगाडी आणली होती. गावात सुतार होता, गवंडी होता, लोखंड जोडणारा पोरगा होता. त्या दिवशी मनावर घेतले असते तर पौर्णिमेच्या आत छप्पर वर चढले असते. पण वरून निरोप आला की पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावावयाचा नाही. पंचनामा आठव्या दिवशी झाला. मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा. मृगाचे पाणी मात्र कोणाच्या मान्यतेसाठी थांबले नाही. उघड्या भिंतींनी ते पोटभर प्यायले. जूनच्या अखेरीस शाळा उघडली ती समाजमंदिरात. चार वर्ग एका सतरंजीवर बसले. दिवाळीपर्यंत पाच मुले शेजारच्या मोठ्या गावातील कॉन्व्हेंटच्या गाडीत बसून निघून गेली. पट बावीसचा सतरा झाला, आणि वीसच्या आत आलेल्या शाळेचे पुढे काय करावयाचे, याची कुजबुज सुरू झाली.

त्या पहिल्या सकाळी एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, “गुरुजी, टिना सरकारच्या हायेत म्हनता, तं असू द्या. पन पोट्टे तं आमचेच हायेत ना?” मी तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस, मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

वाचकहो, वादळाने नेले ते टिन होते. शाळा नेऊ पाहत होता तो कागद. या दोन चोऱ्यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. २०१७ च्या अखेरीस दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून तेथील मुले शेजारच्या शाळांत धाडण्याचे शासनाने ठरविले. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार पुढे आला. या धोरणांचा मोठा वाद आहे, त्यात मी येथे शिरत नाही. पण एवढे तरी कोणी नाकारू नये की ज्या शाळेचा पट बावीस आहे तिच्या डोक्यावरचे छप्पर सहा महिने उघडे ठेवले की तो पट आपोआप सतरा होतो. आधी छप्पर घालावयाचे नाही, मग मुले का नाहीत म्हणून विचारावयाचे आणि शेवटी मुले नाहीत म्हणून शाळा कशाला हवी असे म्हणावयाचे! पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हे तत्त्व शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यामागे आहे. जंगलाच्या काठावरच्या आमच्या गावांत त्या एका किलोमीटरचा अर्थ शहरातल्या माणसाला कळणार नाही. नागझिरा आणि नवेगाव मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण सात वर्षांची मुलगी सकाळच्या धुक्यात तीन किलोमीटर चालत जाईल असे कागदावर लिहिणाऱ्याने एकदा तरी तिच्याबरोबर चालून पाहावे.

आता या प्रश्नावर दोन पक्ष आहेत, आणि दोघांशीही माझे भांडण आहे.

पहिला पक्ष म्हणतो, शाळा सरकारची, तेव्हा छप्पर सरकारने घालावे; लोकांनी हात लावणे म्हणजे सरकारला जबाबदारीतून मोकळे करणे होय. हा पक्ष शहरातील सभांत फार टाळ्या घेतो. त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. शिक्षण हा मुलाचा हक्क आहे आणि हक्काचा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे. पण ‘खर्च सरकारचा’ म्हणजे ‘काम सरकारच्याच हाताने’ असे कोणी ठरविले? तिजोरीचा हात आणि कामाचा हात एकच असावा असा काही धर्म नाही. सरकारी हात पोहोचेपर्यंत भिंत कोसळणार असेल, तर तत्त्वाचे रक्षण झाले आणि शाळा मेली, असा हिशेब होतो.

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट. तो व्यासपीठावर बसतो. पंधरा ऑगस्टला झेंडा चढला की तो ‘लोकसहभाग’ या शब्दाने भाषणाला सुरुवात करतो. गावाने पुढे यावे, श्रमदान करावे, लोकवर्गणी काढावी. सरकार तरी कुठे कुठे पुरे पडणार? गंमत अशी की जूनमध्ये ‘हात लावू नका’ म्हणणारी आणि ऑगस्टमध्ये ‘हात लावा’ म्हणणारी व्यवस्था एकच असते. जूनमध्ये गावाजवळ हात होते, बैलगाडी होती, उमेद होती. नव्हता तो अधिकार. ऑगस्टमध्येही अधिकार द्यावयाचा नाहीच. फक्त वर्गणी मागावयाची. म्हणजे द्यावयाचे लोकांनी आणि ठरवावयाचे दुसऱ्यांनी. या प्रकाराला आमच्या लहानपणी वेगळे नाव होते. त्याला वेठ म्हणत.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे : गावाचा हात हवा असेल तर गावाचा शब्दही चालला पाहिजे. पैसा सार्वजनिक, अधिकार गावाचा, आणि जाणकार माणूस मदतीला. या तिन्हींपैकी एकही कमी पडले तर ‘लोकसहभाग’ ही शुद्ध फसवणूक आहे.

हे मी कोणत्या पोथीतून काढलेले नाही. ज्या पाळीवर उभा राहून मी वादळ पाहतो ती पाळच मला हे शिकविते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हा बांध घातला. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. त्या सात देवींनी कोलूला काम तडीस नेण्यास साहाय्य केले अशी लोकांची श्रद्धा आहे. आणि कोलू स्वतः कोलासुर नावाने देव होऊन त्यांतल्याच एका माथ्यावर बसला आहे. बांध घालणारा माणूस देव व्हावा, यातच या मुलुखाची मूल्ये कळतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत कोहळ्यांनी आणि इतरांनी असे हजारो लहानमोठे तलाव बांधले. पाऊस किती, उतार कोणीकडे, सांडवा कोठे ठेवावा, हे ठरविण्यासाठी त्यांच्याजवळ पदवी नव्हती. जमिनीची नजर होती. तीनशे वर्षांनंतरही त्या पाळी पाणी अडवून आहेत.

मग मध्येच काय बिघडले? १९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे योग्यच होते. ती परत यावी असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मालगुजाराच्या वाड्यावर वेठ करणाऱ्या माणसाचे नातू माझ्या वर्गात शिकले आहेत. परंतु मालगुजाराच्या हातून सुटलेला तलाव गावाच्या हाती यावयाचा, तो गेला कचेरीच्या हाती. त्यांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. सत्तर वर्षांनंतरही त्यांची ओळख ‘माजी’ म्हणूनच उरली आहे! पूर्वी उन्हाळ्यात गाळ काढावयाचा, पाळीवर माती टाकावयाची, हे गावाच्या पंचांगातले काम होते. मालक बदलला तशी माणसे पाळीवरून उतरली. ‘सरकारचा तलाव आहे, सरकार पाहील’ हे वाक्य आमच्या लोकांच्या तोंडी आळसाने आलेले नाही. त्यांना ते शिकविण्यात आले आहे. तलावाचे जे झाले तेच शाळेचे झाले. चावडीत, देवळाच्या पडवीत, कोणाच्या तरी ओसरीत भरणारी शाळा आधी जनपद सभेकडे, मग १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे गेली. शाळांची संख्या वाढली, इमारती पक्क्या झाल्या, शिक्षकाला वेळेवर पगार मिळू लागला. हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण या साऱ्यात गाव हळूहळू शाळेचा मालक न राहता शेजारी झाले. आणि शेजाऱ्याच्या घराचे छप्पर उडाले की माणूस हळहळतो. शिडी घेऊन धावतोच असे नाही.

कोणी म्हणेल, हे सारे जुन्या काळाचे गोडवे झाले. मग नवी उदाहरणे पाहू.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, पलीकडे मंडणगड आणि दापोली या भागांत घरांबरोबर शाळांचीही कौले आणि पत्रे उडाले. साथीमुळे शाळा मार्चपासूनच बंद होत्या. मुले घरी होती, म्हणून शाळेची निकड कोणाला दिसली नाही. आणि नेमका त्याच्या मागोमाग कोकणातला पाऊस आला. तेथील खेड्यांची एक मोठी शक्ती म्हणजे गावाबाहेर राहूनही गावाशी बांधलेला मुंबईकर चाकरमानी. गावोगावच्या मंडळांची परंपरा जुनी आहे; देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, विहीर अशी कितीतरी कामे त्यांच्या वर्गणीतून झालेली आहेत. अशी तयार फळी ज्या किनाऱ्याजवळ आहे तेथे पहिल्या आठवड्यातच ‘हे घ्या पैसे, हा घ्या जाणकार, करा सुरू’ असे म्हणण्याची सोय नियमांतच असावयास हवी होती. वर्ष होते न होते तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ त्याच किनाऱ्याला घासून गेले. वादळे आता पाहुण्यासारखी अधूनमधून येत नाहीत. आमची पंचनाम्याची रीत मात्र अजून पाहुण्याचीच वाट पाहणारी आहे.

याहून बोलके उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भूमीने जो घात केला तो महाराष्ट्र विसरणार नाही. त्यानंतर एकाच आपत्तीवर दोन रीतींनी काम झाले. जी बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली होती ती नव्या जागी, आखीव चौकोनांत, बहुतांशी बाहेरच्यांच्या हातून बांधली गेली. घरे पक्की झाली, हे खरे. पण गल्ली, अंगण, शेजार हरवल्याची खंत तेथील माणसे पुढे कित्येक वर्षे बोलून दाखवीत. दुसरीकडे, ज्या घरांना तडे गेले होते अशी सुमारे दोन लाख घरे दुरुस्त आणि भक्कम करण्याचे काम घरमालकांवरच सोपविण्यात आले. पैसा हप्त्याहप्त्याने मिळाला, इंजिनियर सल्ल्याला आला, गवंड्यांना शिकविण्यात आले, आणि माल कोठून घ्यावयाचा, माणूस कोणता लावावयाचा, हे ज्याचे घर त्याने ठरविले. एवढे प्रचंड काम एखाद्या कंत्राटदाराला झेपले असते काय? शेतकरी स्वतःचे घर उभे करू शकतो हे ज्या शासनाने १९९३ नंतर मान्य केले, त्याच शासनाला दोन खोल्यांच्या शाळेसाठी गाव अडाणी का वाटावे?

आणि दूरचे पाहावयाचे असेल तर जपानातील क्योतो शहराकडे पाहावे. तेथील मोहल्ल्यांनी १८६९ साली एका वर्षात चौसष्ट प्राथमिक शाळा उभ्या केल्या. त्या देशाचा शिक्षणाचा कायदा व्हावयास अजून तीन वर्षे अवकाश होता. वर्गणीचा नियम साधा होता : ज्या घरात चूल पेटते त्याने द्यावयाचे, मग घरात मूल असो वा नसो. चुलीमागे वर्गणी म्हणजे काय, हे आमच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले तेही मूठमूठ धान्यावरच वाढले. पण लक्षात ठेवा, क्योतोत काय किंवा साताऱ्यात काय, देणाऱ्याला ती शाळा आपली म्हणता येत होती.

आता आक्षेप ऐकू. पहिला आक्षेप नेहमीचा : गावकऱ्यांना यातले काय कळते? वादळात छप्पर का जाते, हे आधी समजून घ्या, म्हणजे कोणाला काय कळते याचा उलगडा होईल. वारा छप्पर ढकलून पाडीत नाही. तो ते उचलतो. पत्र्यावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो, आणि उघड्या पडवीतून, खिडक्यांतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. अशा वेळी कैच्या भिंतीवर नुसत्या ठेवलेल्या असल्या, लोखंडी सळईने भिंतीत खोल आवळलेल्या नसल्या, पत्रा पातळ असला, हूक लांबलांब मारलेले आणि गंजलेले असले, की छप्पर कागदासारखे उडते. आमच्या त्या शाळेचे छप्पर नेमके असेच होते. आणि ते अडाणी गावकऱ्यांनी घातलेले नव्हते. ते निविदा काढून, तांत्रिक मान्यता घेऊन, कंत्राटदाराने घातलेले होते. त्याच गावातील एका शेतकऱ्याचा गोठा, स्वतःच्या हाताने तारेने आवळलेला, त्याच वादळात जागेवर राहिला. याचा अर्थ इंजिनियर नको असा नाही. कैची किती अंतरावर, सळई किती जाडीची, हे सांगावयास तो हवाच; गावाला जे माहीत नाही ते शिकविण्यासाठी त्याला पगार आहे. फक्त त्याने ‘काम माझे, तुम्ही बाजूला व्हा’ असे न म्हणता ‘काम तुमचे, मी शेजारी उभा आहे’ असे म्हणावे.

दुसरा आक्षेप पैशाचा : गावात पैसे दिले की खाल्ले जातात. जातात, नाकारत नाही. पण निविदेतले पैसे काय उपाशी राहतात? गावातल्या चोरीला एक मर्यादा असते. सिमेंटची पोती कोणाच्या ओसरीत गेली हे तिसऱ्या दिवशी विहिरीवर कळते. सर्व शिक्षा अभियानात वर्गखोल्यांची बांधकामे गावच्या समितीमार्फत करण्याची रीत होती. तिचा खरा दोष निराळाच होता. कागदावर समिती, आणि प्रत्यक्षात सारा बोजा मुख्याध्यापकाच्या गळ्यात. बिचारा गुरुजी शिकवावयाचे सोडून वाळूच्या ट्रकामागे धावत राहिला आणि पुढे चौकशीतही तोच सापडला. म्हणून समिती खरी हवी. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. समित्या आहेत, त्यांच्या सभाही होतात, निदान वहीत होतात. पण ज्या समितीला एक हूक विकत घेण्याचा अधिकार नाही, तिच्या सभेला रोजी बुडवून कोणी का यावे?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो कोणी फारसा घेत नाही, म्हणून मीच घेतो. ‘गाव’ म्हणून एकजीव वस्तू कोठे असते? श्रमदान म्हटले की टोपली कोणाच्या डोक्यावर येते? ज्याच्याजवळ बांधी आहे तो फोटोपुरता फावडे धरतो, आणि ढिवराच्या, गोंडाच्या, भूमिहीनाच्या घरचा माणूस दिवसाची रोजी बुडवून राबतो. गरिबाच्या मुलांच्या शाळेसाठी गरिबानेच फुकट राबावे, यात कसली लोकशक्ती? म्हणून माझा आग्रह असा की मजुराला मजुरी मिळालीच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने माणसाला भीक न देता काम आणि दाम दिले, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आला. ही आपलीच परंपरा आहे. श्रमदान ज्याला परवडते त्याने करावे.

आणखी एक नवा मार्ग मध्यंतरी निघाला. २०२३ साली शाळा दत्तक देण्याची योजना आली. धनिकांनी, कंपन्यांनी सरकारी शाळेला ठरावीक रकमेची मदत करावी आणि त्यांनी सुचविलेले नाव काही वर्षे शाळेला जोडता यावे. देणाऱ्याचा हात मी झिडकारीत नाही. पण दत्तक मूल देतात ते पोरके असले म्हणजे. आमच्या शाळा पोरक्या झाल्या हे ज्यांनी ठरविले त्यांनी आईबापांना एकदा विचारावयास हवे होते. कोलू पाटलाचे नाव तलावाला नाही. तलाव नवेगावच्या नावाने ओळखला जातो. मोठे काम करणारी माणसे पाटीशिवायही तीनशे वर्षे टिकतात.

एवढे सारे दुसऱ्यांना ऐकविल्यावर थोडे घरच्यांनाही ऐकविले पाहिजे. ही दिवाळी. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दंडार नाचते, रात्रभर नाटक रंगते, वडसा-देसाईगंजहून मंडळी येतात, आणि लहानसे गावसुद्धा त्यासाठी हजारोंची वर्गणी हसत जमविते. मला नाटक आवडते. ते बंद करा असे मी मेलो तरी म्हणणार नाही. पण जे गाव एका रात्रीच्या मांडवासाठी इतके जमवू शकते त्याने शाळेच्या बारा हुकांसाठी कचेरीकडे पाहत बसावे, हे शोभत नाही. आणि ज्यांची मुले कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतात ते शाळेच्या सभेला येत नाहीत, अशी तक्रार मी करू गेलो तर मला आधी आरशात पाहावे लागेल. त्या दिवाळीत निघून गेलेल्या पाच मुलांत एक माझा नातू होता. मुलाने विचारले, “बाबा, छप्पर नसलेल्या शाळेत याला किती दिवस बसवू?” तीस वर्षे सरकारी शाळेत शिकविलेल्या माझ्याजवळ त्यालाही उत्तर नव्हते. शाळा अशाच रिकाम्या होतात; दुष्टपणाने नव्हे, नाइलाजाने, एकेक नातू करून.

म्हणून मागणे थोडे आणि नेमके करतो. वादळानंतर दोन दिवसांत शाळा समितीने छायाचित्रे काढून केलेला पंचनामा ग्राह्य धरावा. आपत्ती निधीच्या २०१५ ते २०२० या काळच्या निकषांत एका प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला दीड लाख रुपयांपर्यंत मदत बसत होती. म्हणजे तिजोरीत शाळेची आठवण अगदीच नाही असे नाही. तो पैसा निविदेची प्रदक्षिणा न घालता समितीच्या खात्यात आधी यावा. आठ दिवसांत इंजिनियर यावा आणि काम संपेपर्यंत येत राहावा. मजुरी रोख मिळावी. प्रत्येक रुपयाचा हिशेब शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा. दर चैत्रात, वादळाच्या आधी, प्रत्येक छपराची तपासणी व्हावी. कारण हूक आवळणे छप्पर घालण्याहून स्वस्त असते. आणि ज्या शाळेचे छप्पर गेले तिचा पट पुढची दोन वर्षे कोणी मोजू नये.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे लहानसे गोंडांचे गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा ऐकून पुष्कळांनी पूर्वी भुवया उंचावल्या. २००९ साली त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही. जंगल काही बुडाले नाही. ज्यांच्या हाती बांबूचे रान सोपविता येते त्यांच्या हाती टिनाच्या काही पत्र्यांनी असे कोणते आकाश कोसळणार आहे?

त्या शाळेचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. छप्पर फाल्गुनात आले. कंत्राटदाराच्या माणसांनी ते दोन दिवसांत घातले, पूर्वीच्याच रीतीने, कैच्या भिंतीवर नुसत्या ठेवून. तो म्हातारा पडवीत बसून सारे पाहत होता. काही बोलला नाही. गेल्या चैत्रात आम्ही पाचजणांनी, त्यात एक सुतार आणि एक माझा जुना विद्यार्थी, शिडी लावली, गंजलेले हूक बदलले, कैच्यांना तारेचे वेढे देऊन त्या भिंतीशी आवळल्या. खर्च मंडईच्या शिलकेतून केला. त्यानंतर आलेल्या रोहिण्यांत छप्पर जागेवर राहिले. आमचा नातू या जूनपासून पुन्हा तेथे जाऊ लागला आहे.

परवानगी आम्ही मागितली नव्हती. हा लेख वाचून कोणाला चौकशी लावावयाची असेल तर ती माझ्यावर लावावी; मी नवेगाव बांधच्या पाळीवर संध्याकाळी भेटतो. येताना मात्र पुढल्या चैत्रासाठी दोन-चार हूक घेऊन यावे.